तात्या टोपे नगर ते ताज-उल-मसाजिद

ऐतिहासिक नगरे पाहण्याचे जे प्रकार आजवर रूढ झाले, त्यांत टांग्यापासून वातानुकूलित बसपर्यंत सर्व वाहनांची पाळी येऊन गेल्यावर, आणि मधल्या काळात ‘हेरिटेज वॉक’ या नावाने पायी हिंडणाऱ्यांचा एक सुशिक्षित संप्रदायही स्थिरावल्यावर, आता धावत धावत शहर पाहण्याची एक नवी रीत पुढे आली आहे. आणि ती प्रथम ऐकताच ‘धावणाऱ्याला दिसणार ते काय?’ असा जो प्रश्न सामान्य माणसाच्या मनात उभा राहतो, तो अगदीच गैरवाजवी म्हणता येणार नाही. चालू शतकाच्या पहिल्या दशकात रोम, न्यूयॉर्क, बर्लिन अशा शहरांतून हा उद्योग व्यवसाय म्हणून आकारास आला. कामानिमित्त परगावी आलेला, दिवसभर बैठकांत अडकणारा, परंतु सकाळच्या धावण्याचा नेम न मोडणारा प्रवासी हा त्याचा मूळ आश्रयदाता. त्याला वाट दाखवणारा, वाटेत थांबवून चार गोष्टी सांगणारा आणि न्याहारीच्या आत मुक्कामी परत पोहोचवणारा माहीतगार सोबती मिळाला, की तासाभरात व्यायामही होई आणि शहराशी तोंडओळखही.

या धावेचा शिरस्ता साधा आहे. मंडळी थोडी असावीत. वेग असा असावा की धावता धावता शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता यावे. पुढे वाटाड्या आणि मागे पडणाऱ्यांना सांभाळणारा एक जाणता गडी शेवटी, असा बंदोबस्त असावा. आणि दर किलोमीटर-दीड किलोमीटरला दोन-तीन मिनिटांचा मुक्काम, कारण त्याहून अधिक थांबल्यास अंग निवते आणि त्याहून कमी थांबल्यास कानांवर पडलेले मनापर्यंत पोहोचत नाही. थोडक्यात बोलणे ही या वाटाड्याची खरी परीक्षा. बसमधला गाईड ध्वनिक्षेपक हाती आला की मोगलांच्या दहा पिढ्या ऐकवतो. येथे तेवढा दम कोणाजवळच नसतो, आणि माझ्या मते ही या पद्धतीची मोठीच पुण्याई आहे.

परंतु तिचे खरे सामर्थ्य निराळ्याच ठिकाणी आहे. मोटारीतून शहर पाहणाऱ्यास स्थळे दिसतात, त्यांच्यामधले अंतर दिसत नाही. चढ कोठे सुरू झाला, पाणी कोणत्या बाजूस राहिले, तट कोठे संपला, हे त्याला नकाशा पाहूनही उमजत नाही. पायी चालणाऱ्याला ते उमजते. पण चालून एका सकाळी गावाचा एखादाच कोपरा होतो. धावणारा मनुष्य मात्र तासा-दीड तासात शहराची एक बाजू ते दुसरी बाजू असा संपूर्ण छेद घेतो, आणि त्या छेदात नगररचनेचे थर एकामागून एक, ज्या क्रमाने ते वसले त्याच्या उलट क्रमाने, त्याच्या पायांखालून जातात. हे ज्या शहरात अत्यंत स्पष्टपणे अनुभवता येईल असे एक शहर म्हणजे भोपाळ. आणि धाव आखायचीच झाली तर ती तात्या टोपे नगरापासून आखावी, अशी माझी तजवीज आहे.

भोपाळकर ज्याला ‘टी. टी. नगर’ म्हणतात तो हा भाग म्हणजे शहराचा सर्वांत वरचा, नवा थर. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात येऊन भोपाळ त्याची राजधानी झाले, नागपूरचे राजधानीपण गेले, आणि जुन्या मध्य प्रांताच्या सचिवालयातील कारकून, अधीक्षक, लेखापाल दप्तरांसह नागपुराहून येथे बदलून आले. त्यांत मराठी कुटुंबे पुष्कळ होती, ग्वाल्हेर-इंदूरकडून आलेल्या मराठी मंडळींची त्यांत भर पडली. त्यांच्यासाठी सरकारी क्वार्टरांच्या ज्या रांगा उभ्या राहिल्या, त्यांतून हे नगर आणि त्याचे न्यू मार्केट घडले. त्यांपैकी बऱ्याच रांगा अलीकडे स्मार्ट सिटीच्या योजनेत जमीनदोस्त झाल्या आहेत. तेथल्या स्टेडियमलाही तात्या टोप्यांचेच नाव आहे आणि भल्या पहाटे त्याच्या आसपास धावणारे आढळतात, तेव्हा आरंभस्थान म्हणून ते सोयीचे.

वाटाड्याने पहिली गोष्ट येथेच सांगावी, आणि ती या नावाचीच असावी. येवल्याचे रामचंद्र पांडुरंग टोपे हे 1858 च्या जूनमध्ये ग्वाल्हेर हातचे गेल्यावर सुमारे दहा महिने इंग्रजांच्या अनेक पलटणींना हुलकावण्या देत माळवा, राजपुताना आणि नर्मदेचे दोन्ही तीर अखंड तुडवीत राहिले. अखेर पकडले जाऊन 18 एप्रिल 1859 रोजी शिप्रीस, म्हणजे आजच्या शिवपुरीस, फासावर गेले. त्याच बंडात भोपाळची सिकंदर बेगम इंग्रजांच्या पक्षाला ठामपणे उभी होती. तिच्या वंशजांच्या राजधानीतील सरकारी वसाहतीने पुढे बंडखोर सेनापतीचे नाव धारण करावे, हा इतिहासाचा एक मिस्कील न्याय म्हणावा लागेल.

रोशनपुरा चौकातून बाणगंगेवरून पॉलिटेक्निक चौकापर्यंतचा रस्ता धावण्याच्या दृष्टीने रुंद आणि दर्शनाच्या दृष्टीने सामान्य. तेथे न थांबता अंग तापवून घ्यावे. डाव्या हाताच्या श्यामला टेकडीवर चार्ल्स कोरिया यांनी बांधलेले, 1982 साली उघडलेले भारत भवन आहे. तो चढ वेगळ्या दिवसासाठी राखावा. पॉलिटेक्निकपासून रस्ता उतरू लागतो, पावले आपोआप लांब पडतात, आणि कमला पार्कपाशी येताच दोन्ही बाजूंनी पाणी उघडते: डावीकडे मोठा तलाव, उजवीकडे त्याच्याहून स्पष्टपणे खालच्या पातळीवरचा छोटा तलाव. आपण धावतो आहोत तो साधा रस्ता नसून बांध आहे, हे जे बसमधल्या प्रवाशाला सांगून पटवावे लागते, ते येथे डोळे आणि घोटे एकदमच कबूल करतात. मोठ्या तलावाचे कर्तृत्व अकराव्या शतकातील परमार राजा भोजाकडे जाते. पूर्ण भरल्यावर त्याचा विस्तार सुमारे एकतीस चौरस किलोमीटर होतो, शहराच्या मोठ्या भागास आजही तो पाणी पुरवतो, आणि 2002 साली दोन्ही तलावांस मिळून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ क्षेत्राचा, म्हणजे रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. छोटा तलाव मात्र पुष्कळ अलीकडचा, 1794 चा, नबाब हयात महंमद खानाचा दिवाण छोटे खान याने करवलेला. बांधाच्या कडेलाच गोंड राणी कमलापतीचा महाल आहे. 2021 मध्ये हबीबगंज स्थानकास तिचे नाव मिळाल्यापासून बाहेरगावच्यांसही ती ठाऊक झाली.

येथे थांबावे, आणि दोन-तीन मिनिटांचा नियम खुशाल मोडावा. कारण ज्या अफगाण सरदाराने, दोस्त महंमद खानाने, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पत्नी फतह बीबीच्या नावे फतेहगड किल्ला बांधून हे शहर वसवले, त्याच्या मसलतीला हे पाणीच आधार होते, आणि मराठी वाचकास तर या जागेशी दुहेरी हिशेब आहे. 1737 च्या डिसेंबरात दिल्लीच्या बादशहाच्या वतीने माळव्यात उतरलेल्या निजामास बाजीराव पेशव्यांनी याच भोपाळात कोंडले, त्याची रसद तोडली, आणि 7 जानेवारी 1738 रोजी दोराहा सराईच्या तहात माळव्याचा अंमल आणि पन्नास लक्ष रुपये कबूल करून घेतले. या विजयाचे वर्णन आपण शाळेपासून ऐकत आलो. त्याच शहरास 1812-13 साली शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या संयुक्त फौजेने वेढा घातला तेव्हा मात्र वजीर महंमद खानाने ते झुंजवून राखले आणि मराठी फौजांना रिकाम्या हाताने परतावे लागले, ही दुसरी हकीकत आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. भोपाळच्या वाटाड्याने ती मराठी मंडळींना अवश्य सांगावी, आणि सांगून लगेच धावू लागावे, म्हणजे वादास अवसर राहणार नाही!

बांध ओलांडताच शहर-ए-खासची, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या भोपाळची हद्द लागते, आणि येथून पुढचा मार्ग जवळजवळ सर्वस्वी स्त्रियांनी बांधलेला आहे. 1819 पासून 1926 पर्यंत, मधली काही वर्षे वगळता, या रियासतीचा कारभार चार बेगमांच्या हाती राहिला, असे उदाहरण हिंदुस्थानात दुसरे नाही. तलावाकाठचा गौहर महाल कुदसिया बेगमेने 1820 साली उभारला. ऐन तारुण्यात वैधव्य आले असता तान्ह्या मुलीच्या वतीने तिने राज्य हाती घेतले होते. पुढे इकबाल मैदान, त्याच्या भोवती युरोपीय आणि देशी वळणांची सरमिसळ झालेला शौकत महाल, दरबाराची सदर मंजिल. जवळच सिकंदर बेगमेची, दिल्लीच्या जामा मशिदीची प्रतिकृती वाटावी अशी पण आकाराने बेताची मोती मशीद. एवढ्या इमारती एवढ्याशा जागेत दाटलेल्या असल्याने येथे धावण्याचा हट्ट सोडून सरळ चालावे. चौकातील जामा मशीद पुन्हा कुदसियेची, 1857 साली पुरी झालेली. उंच जोत्यावर मशीद, जोत्याच्या पोटात दुकाने, आणि मिनारांच्या टोकांवर सोनेरी कळस. दिवसा जेथे खांद्याला खांदा लागतो तो हा चौक पहाटे इतका मोकळा असतो की त्याची चौपड मांडणी प्रथमच ध्यानात येते. भोवतालच्या इतवारा, मंगळवारा, बुधवारा, जुमेराती या मोहल्ल्यांची नावे ऐकून पुणेकरास आपल्या पेठा आठवल्या तर नवल नाही.

या वस्तीतून तोकड्या कपड्यांच्या घोळक्याने आरोळ्या ठोकीत जाणे हे असभ्यपणाचे आहे. फजरच्या नमाजावरून परतणारे वृद्ध, दुकानाच्या फळ्या उघडणारी माणसे, दूधवाले, यांच्या सकाळीत आपण आगंतुक आहोत. तेव्हा गुडघे झाकणारा पोशाख, हलका आवाज आणि एकेरी रांग एवढे पथ्य पाळावे, आणि मशिदीच्या आत जावयाचे तर परवानगी घेऊन, बूट बाहेर ठेवून, धाप पूर्ण ओसरल्यावर. जुन्या गावात ठिकठिकाणी मिळणारा भोपाळी नमकीन चहा मात्र धावणाऱ्यास आयताच उपकारक, कारण घामावाटे गेलेले मीठ तो परत करतो.

पीर गेटमधून बाहेर पडल्यावर शेवटचा टप्पा ताज-उल-मसाजिदचा. शाहजहान बेगमेने मांडलेले हे प्रचंड काम 1901 साली तिच्या मृत्यूच्या वेळी अपुरे होते. पैशाअभावी ते तसेच राहिले, 1971 साली पुन्हा हाती घेतले गेले आणि 1985 साली पुरे झाले. अठरा मजली दोन अष्टकोनी मिनार, तीन घुमट आणि गुलाबी दर्शनी भाग दुरून धावत येताना क्रमाक्रमाने जो वाढत जातो, तो अनुभव मोटारीच्या काचेतून मिळत नाही. पलीकडे मोतिया तलाव आणि बेगमेचाच बेनझीर महाल. हे सर्व मिळून टी. टी. नगरपासून सुमारे सहा किलोमीटर भरते.

येथून उत्तरेस युनियन कार्बाइडचा बंद कारखाना आहे, आणि काही उत्साही मंडळी तोही या मार्गात गोवू पाहतील. माझा त्यास स्पष्ट विरोध आहे. 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री त्या भागातील हजारो माणसे खरोखरच धावली; कारखान्यातून सुटलेला मिथिल आयसोसायनेट वायू हवेहून जड, जमिनीलगत पसरणारा, आणि धावणाऱ्याचा श्वास खोल, म्हणून जे जीव घेऊन धावले त्यांच्याच फुप्फुसांत तो अधिक भरला. तेथे जावयाचे ते वेगळ्या दिवशी, चालत, आणि त्या वस्तीतील जाणत्या माणसांबरोबर.

परतीस दम उरला असेल त्याने पुल पुख्त्यावरून छोट्या तलावाची दुसरी बाजू धरावी, जहांगीराबादेतून 1909 साली पाया घातलेल्या मिंटो हॉलपाशी यावे, जेथे राज्यस्थापनेपासून 1996 पर्यंत विधानसभा भरत असे, आणि तेथून रोशनपुऱ्याकडे यावे. ज्याचा उरला नसेल त्याने सिटी बस पकडावी. भोपाळात वारसास्थळांची माहिती सांगणारे अभ्यासक आहेत आणि रविवारी सकाळी वीस-वीस किलोमीटर धावणारी तरुण मंडळीही आहेत. पहिल्यांना धावता येत नाही आणि दुसऱ्यांना गौहर महाल कोणी बांधला ते सांगता येत नाही, म्हणून आरंभी तरी एका धावेला दोघांची जोडी द्यावी, अभ्यासकाने सायकलवरून पुढे जाऊन ठरल्या ठिकाणी उभे राहावे, आणि मार्च उजाडण्यापूर्वी, म्हणजे उन्हाळा अंगावर येण्याच्या आत, पहिली तुकडी स्टेडियमपासून निघावी.