खुराड्यात मर आली, तर?

परसात प्रथमच कोंबड्या पाळणाऱ्या घरांतून एक गाऱ्हाणे हमखास ऐकू येते : "काल संध्याकाळी दाणे टिपत होत्या, सकाळी पाहतो तो तीन मरून पडलेल्या." मग आठ दिवसांत खुराडे रिकामे होते. अंड्यांच्या पैशांतून मुलांच्या वह्या, घरातले मीठ-मिरची भागत असते, ते थांबते. घरची बाई म्हणते, "आमच्या हाताला कोंबडी लाभत नाही." कोणी नजर लागली म्हणतो, कोणी शेजारणीवर संशय घेतो. यात हाताचा दोष नाही नि नजरेचाही नाही. बहुतेक वेळा रोग माहितीतला असतो आणि त्याची लसही मिळते. मर लागल्यावर पहिल्या दोन दिवसांत आणि नंतरच्या महिन्यात आपण काय करतो, त्यावर पुढची कोंबडी जगणे अवलंबून असते.

सगळीच मर सारखी नसते, हे आधी समजून घ्यावे. वीस पिल्ले आणली आणि पहिल्या आठवड्यात एखाद-दुसरे गेले, तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र पिल्ले दिव्याखाली एकमेकांवर चढून चिवचिवाट करीत असतील, तर त्यांना ऊब कमी पडते. दिव्यापासून दूर पळून चोच उघडी टाकून बसत असतील, तर ती जास्त होते. पहिल्या आठवड्यात त्यांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी करीत जावे. तीन ते सहा आठवड्यांची पिल्ले पिसे फुगवून बसू लागली आणि शिटेत रक्त दिसले, तर ती रक्ती हगवण समजावी. हा रोग ओल्या तुसात वाढतो, म्हणून आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याला फावते. वेळेवर औषध दिले तर पिल्ले वाचतात. पण तूस रोज खालीवर करून कोरडे ठेवले नाही, तर औषधाचे पैसे फुकट जातात.

लहान-मोठ्या सगळ्याच कोंबड्या धडाधड मरू लागल्या, तर मात्र पहिला संशय मानमोडीचा घ्यावा. कोंबडी चोच उघडून श्वास घेते, हिरवट-पांढरी पातळ शीट टाकते, पंख नि पाय लुळे पडतात, मान पिळवटते. याचेच दुसरे नाव राणीखेत. १९२८ साली कुमाऊँच्या डोंगरातील राणीखेत या गावी हा रोग आढळला, म्हणून ते नाव पडले. हा विषाणूचा रोग आहे आणि त्यावर औषध नाही. बाजारातून आणलेल्या कॅप्सूल पाण्यात कालवून पाजल्या, तरी त्या विषाणूवर चालत नाहीत. "गावठी कोंबडीला काही होत नाही" हा समजही खोटा आहे. लस न दिलेल्या कळपात गिरिराज असो, वनराज असो की गावठी, मानमोडी जवळजवळ सगळे खुराडे साफ करू शकते.

पहिली कोंबडी मेलेली दिसताच आजारी कोंबड्या वेगळ्या काढाव्यात. दाणापाणी आधी धडधाकट कोंबड्यांना घालावे, आजाऱ्यांना शेवटी, आणि मग हातपाय साबणाने धुवावेत. मेलेली कोंबडी नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकू नये. कुत्री ती ओढून वाडाभर रोग पसरवतात. तीन फूट खड्डा खणून, वर चुना टाकून पुरावी. ती खाऊही नये. हे लिहिणे भाग आहे, कारण "वाया का घालवायची?" असे म्हणून तिचा रस्सा करणारी घरे आहेत.

त्याहून मोठा मोह असतो, तो उरलेल्या कोंबड्या घाईने बाजारात विकण्याचा. आपले चार पैसे सुटतात, पण घेणाऱ्याच्या घरी आपण रोग पोचवतो. विशेषतः नाताळच्या आधी हे फार होते. पाहुण्यांसाठी आणलेली कोंबडी दोन दिवस आपल्या खुराड्यात बांधली जाते आणि नाताळ सरता सरता घरच्याही कोंबड्या झुरू लागतात. बाहेरची कोंबडी घ्यावीच लागली, तर तिला तीन आठवडे वेगळी, लांब ठेवावी. रोग अंगात शिरल्यावर बाहेर दिसायला दिवस लागतात. बाजारातली तरतरी पाहून फसू नये.

एक ताजी मेलेली कोंबडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, भोवती बर्फ ठेवून त्याच दिवशी तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात न्यावी. एखादी आजारी असेल तर तीही दाखवावी. पोट फाडून पाहिल्यावर डॉक्टरांना पुष्कळ उलगडा होतो. कोंबडी दोन दिवसांची कुजकी असेल तर काही कळत नाही. एकाच दिवशी पुष्कळ मेल्या असतील, तर पोट फाडणे आपण घरी करू नये. कोंबड्यांना हात न लावता दवाखान्याला तत्काळ कळवावे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लू आला, तो देशातला पहिला. तो रोग माणसालाही होऊ शकतो.

खुराडे रिकामे झाले, की दुसऱ्याच आठवड्यात नवी पिल्ले आणण्याची उतावीळ होते. ती आवरावी. जुने तूस जाळावे, जमीन खरवडावी, भिंती व बसायच्या काठ्या धुऊन चुना द्यावा आणि निदान महिनाभर खुराडे उघडे, उन्हात पडू द्यावे. लस न देता त्याच जागी आणलेली दुसरी पिल्लेही तशीच जातात आणि मग माणूस कायमचा कंटाळतो.

लसीचे वेळापत्रक अवघड नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. दोन आठवड्यांनी गंबोरो. चार आठवड्यांनी पुन्हा लासोटा. सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान मानमोडीची आर-टू-बी ही टोचायची लस आणि देवीची लस. या शेवटच्या दोन एकाच दिवशी टोचू नयेत, मध्ये आठवडा जाऊ द्यावा. आर-टू-बी लहान पिल्लांना झेपत नाही, म्हणून घाई करू नये. लस निरोग्यालाच द्यावी. मर लागल्यावर धावत जाऊन दिलेल्या लसीचा भरवसा नसतो.

अडचण असते ती कुपीची. लहानात लहान कुपीही बहुधा शंभर पक्ष्यांची असते, आणि आपल्या घरी कोंबड्या बारा. म्हणून लोक लस टाळतात. पण वाड्यातल्या कोंबड्या काही कुंपण मानत नाहीत. शेजारच्या शेणखळीत सगळ्यांच्या मिळून चरतात. आपण एकट्याने लस दिली, तरी शेजारचा रोग दारात राहतोच. तेव्हा सात-आठ घरांनी मिळून एक दिवस ठरवावा आणि खर्च वाटून घ्यावा. कोंबड्या खुराड्यात असतानाच, सकाळी उन्हापूर्वी किंवा तिन्हीसांजेला, घरोघर जावे. प्रत्येक घरात शिरताना हात धुवावेत. कुपी थर्मासमध्ये बर्फात आणावी आणि पाणी मिसळल्यावर तासाभरात संपवावी. उन्हात राहिलेली लस म्हणजे नुसते पाणी. डोळ्यात थेंब टाकल्यावर पिल्लू डोळा मिटून पुन्हा उघडीपर्यंत ते हातातून सोडू नये, नाहीतर थेंब गालावरून ओघळून जातो.