वंशावळीचे वाचन : सिंदेवाही परिसराच्या संदर्भात

वंशावळ ही कुलाभिमानापोटी लिहिली जाते, असा एक सार्वत्रिक समज आहे. मराठी दप्तराची साक्ष मात्र निराळी आहे. वतनाचा तंटा उभा राहिला की वादी-प्रतिवादी आपापला करीना सादर करीत, गोतसभा भरे, महजर होई. आणि अशा कागदांतच पुष्कळ घराण्यांच्या पिढ्या नोंदल्या गेल्या. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेल्या साधनखंडांत असे कागद विपुल आहेत. तात्पर्य, वंशावळ ही बहुधा हक्काच्या कामी बोलावलेली साक्ष असते. आणि साक्षीचे मोल ठरविण्यापूर्वी साक्षीदाराची भाषा समजून घ्यावी लागते. प्रस्तुत टिपणात हा मुद्दा सिंदेवाही परिसराच्या आधारे मांडावयाचा आहे.

सिंदेवाही हा चंद्रपूर जिल्ह्यातील झाडीपट्टीचा, धानाच्या बांध्यांचा व वनांचा मुलूख. चांद्याचे गोंड राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले. १८५४ मध्ये इंग्रजी अंमल आला. १९५१ मध्ये मालगुजारी संपली. १९५६ मध्ये हा प्रदेश मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. कोकणात व देशावर अनेक घराण्यांचे कुलवृत्तांत छापले गेले. येथील सामान्य कुटुंबाचा इतिहास मात्र दोनच ठिकाणी शोधावा लागतो : एक, बंदोबस्ताची मिसल, कोतवाल पंजी, शाळेचे दाखलखारीज रजिस्टर यांसारखे कागद, आणि दुसरे, गावातील वृद्धांचे मुख.

या दोहोंचा मेळ घालण्याचे काम आज केवळ जिज्ञासेचे राहिलेले नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार अनुसूचित जमातींव्यतिरिक्त इतर पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास सिद्ध करावा लागतो. कायद्याने एक पिढी २५ वर्षांची मानली आहे. हिशेब १९३० पर्यंत मागे जातो. २००८ च्या नियमांतील तेराव्या नियमाने ग्राह्य पुराव्यांत वृद्धांचे लेखनिविष्ट कथन, विहिरी, दफनभूमी व पवित्र स्थाने यांसारख्या खुणा, आणि जुन्या अभिलेखांत नमूद असलेल्या रहिवाशापर्यंत पोहोचणारी वंशावळ यांचा समावेश केला आहे. एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यावेत, असेही त्यात सांगितले आहे. वृद्धाच्या तोंडचे नाव आणि कागदावरचे नाव एकच आहे की नाही, यावर कसणाऱ्याची बांधी अवलंबून असू शकते, ती अशी.

पहिली अडचण ध्वनीची. झाडीबोलीत ण, ळ, श हे वर्ण उच्चारात टिकत नाहीत. ‘पाणी’चे ‘पानी’ होते, ‘डोळा’चा ‘डोरा’ होतो, ‘शंकर’चा ‘संकर’. नागपूर-वऱ्हाडकडे हाच ळ ‘य’ होतो व ‘डोया’ ऐकू येतो. म्हणून ‘काळू’ नावाचा पूर्वज घरच्यांच्या तोंडी ‘कारू’ असेल, बाहेरून आलेल्या कारकुनाच्या लेखणीत ‘कायू’ होईल, आणि शाळामास्तरांच्या रजिस्टरात पुन्हा ‘काळू’. नोंदी तीन, मनुष्य एकच. मोडीत ह्रस्व-दीर्घ भेद दाखविला जात नाही. रोमन लिपीत द-ड, न-ण, ल-ळ हे एक होतात. ग्रामनामांचीही तीच गत : सिंदेवाहीला लागून असलेले गाव ‘लोनवाही’ असेही लिहिले जाते आणि ‘लोणवाही’ असेही. अशा ठिकाणी वर्णभेद नियमित आहे की यदृच्छेने घडला, हा प्रश्न भाषाशास्त्राचा आहे. नियमित भेद नावांच्या ऐक्याला बाध आणीत नाही.

दुसरी अडचण नातेवाचक शब्दांची. विदर्भात वडिलांच्या थोरल्या भावाला ‘मोठा बाप’ म्हणतात. कथन लिहून घेणाऱ्याने विशेषण गाळले की चुलता हा पिता होतो आणि वंशवृक्षाची फांदी चुकीच्या खोडाला लागते. ‘भाऊ’ या शब्दात सख्खा, चुलत, मावस सारेच येतात. जेथे मामाच्या अथवा आत्याच्या घरी सोयरीक होते, तेथे एकच व्यक्ती दोन नात्यांनी उल्लेखिली जाते. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय नातेसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर व दक्षिण पद्धतींच्या संधिप्रदेशात ठेवले आहे. येथील नातेशब्द वाचताना ते विसरता येत नाही. लग्नात नाव बदललेली लेक तर वंशावळीतून बहुधा नाहीशीच होते.

तिसरी अडचण आडनावांची. मडावी, आत्राम, कुमरे, उईके ही गोंडांमधील कुळनामे आहेत. चार, पाच, सहा व सात देवे अशा गटांत कुळे विभागलेली असून एका देवसंख्येच्या कुळांत परस्पर विवाह होत नाही. म्हणून दोन गावांतील दोन मडावी हे समान कुळाचे ठरतात, पण तेवढ्याने त्यांचा आजा एक ठरत नाही. उलट मंडल्याकडील ‘मरावी’ आणि इकडील ‘मडावी’ ही एकाच कुळनामाची रूपे आहेत. येथे आडनावाचे साम्य फसवे, आणि भेदही फसवा.

यास्तव क्षेत्रीय कार्य करणाऱ्या विद्यार्थ्यांनी काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. कथन प्रथम बोलीतच, उच्चाराबरहुकूम टिपावे. प्रमाण रूप शेजारी द्यावे, त्याच्या जागी नव्हे. प्रत्येक नात्याचा शब्द जसाच्या तसा ठेवून ‘कोणाचा कोण’ हे पुन्हा विचारावे. आजाचे नाव नातवाला देण्याच्या रूढीमुळे दोन पिढ्या एक होऊन मधली पिढी गळण्याचा संभव असतो. म्हणून नावासोबत बोडी कोणी खोदली, घर कोणी बांधले, दुष्काळ कोणी पाहिला, हेही टिपावे. शेवटी, कागद व कथन यांत विरोध दिसला तर कागद हा आपोआप श्रेष्ठ मानू नये. तोही कोणाच्या तरी कानांनी ऐकून, कोणाच्या तरी हातांनी लिहिलेला असतो. तो कान कोणत्या बोलीचा होता, हे ठरविल्यावाचून त्या कागदाचे वाचन पुरे झाले असे म्हणता येत नाही.