लॅपटॉपच्या कीबोर्डला कव्हर घालावे काय?

गांधीबाग, इतवारी आणि मोमिनपुऱ्यातील कापड दुकानांत जेथे पूर्वी लाल बांधणीची चोपडी असायची, तेथे आता लॅपटॉप असतो. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला, तेव्हापासून तर लहान दुकानदारालाही त्यावाचून गत्यंतर राहिले नाही. सीताबर्डीत लॅपटॉप घ्यायला गेलो की विक्रेता पिशवी आणि माऊससोबत एक पातळ पारदर्शक कव्हरही पुढे करतो. कीबोर्डवर अंथरायचे, धूळ जाणार नाही, चहा सांडला तरी चिंता नाही, असे सांगतो. दीडशे-दोनशे रुपयांची बाब असल्याने आपणही फार विचार करीत नाही. परंतु ते खरोखर कामाचे आहे काय, असा प्रश्न आमचे अनेक व्यापारी बंधू विचारतात.

आमचे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. कव्हर अगदी निरुपयोगी नाही. मात्र कापड दुकानात चोर मागच्या दाराने येतो आणि हा पहारेकरी पुढच्या दारावर उभा असतो. शिवाय ज्या वेळी कव्हर काढून ठेवायला हवे, नेमके त्याच वेळी बहुतेक लोक ते तसेच ठेवतात.

प्रथम मालाची ओळख करून घेऊ. कव्हर मुख्यतः दोन प्रकारचे मिळते. एक सिलिकॉनचे. ते मऊ असते, जाडी साधारण ०.३ मिलिमीटर. दुसरे टीपीयू नावाच्या प्लास्टिकचे. ते याहून बरेच पातळ आणि अधिक पारदर्शक असते, पण काही महिन्यांत पिवळे पडते. सिलिकॉनचा गुण म्हणा की दोष म्हणा, त्याला कपड्याचे तंतू फार चिकटतात. काळ्या पॉपलिनवर पांढरा दोरा दिसावा तसे संध्याकाळपर्यंत ते भरून जाते. तिसरा प्रकार सपाट, कोणत्याही लॅपटॉपवर चालणारा म्हणून विकतात. तो घेऊच नये. बटणांच्या मापाचे साचे नसलेले कव्हर सरकते आणि एका बटणाऐवजी दुसरे दाबले जाते. बिलात १२५ मीटरचे १५२ व्हायला एवढे पुरे आहे.

कव्हर घ्यायचेच तर मॉडेलचा क्रमांक सांगून घ्यावे. १५.६ इंची लॅपटॉपवर बहुधा उजवीकडे आकड्यांची स्वतंत्र पट्टी असते, १४ इंचीवर सहसा नसते. एंटरचे बटण कोठे आडवे, कोठे उभे असते. हल्ली बोटाचा ठसा घेणारे बटण कीबोर्डच्याच कोपऱ्यात देतात. त्यावर कव्हर आले की ठसा लागत नाही. रुपयाचे चिन्ह १५ जुलै २०१० रोजी केंद्र सरकारने स्वीकारले आणि आपल्याकडच्या बहुतेक कीबोर्डांवर ते चारच्या बटणावर छापलेले असते, पण बाहेरून आलेल्या छापील कव्हरवर तेथे फक्त डॉलर दिसतो. कामाला त्याने अडत नाही, डोळ्याला मात्र खटकते.

आता मूळ मुद्दा. कापड दुकानातील धूळ ही रस्त्यावरच्या धुळीसारखी नसते. थान उलगडले, झटकले, मोजले, फाडले की प्रत्येक वेळी सुताचे बारीक तंतू उडतात. कोऱ्या मालावरची खळ पावडरीसारखी हवेत मिसळते. हे तंतू कीबोर्डवर पडतात हे खरे, आणि कव्हर त्यांना तेथे अडवते हेही खरे. पण लॅपटॉप श्वास कोठून घेतो ते पाहा. बहुतेक लॅपटॉपांच्या पोटाशी जाळी असते. आतला पंखा तेथून हवा ओढतो आणि बाजूने किंवा मागच्या बिजागरीजवळून गरम हवा बाहेर टाकतो. ओढलेल्या हवेबरोबर तंतूही आत जातात आणि पंख्यापुढच्या धातूच्या बारीक पात्यांत अडकतात. वर्ष-दीड वर्षात तेथे चक्क नमदा तयार होतो. दुरुस्तीवाल्याने उघडलेला एखाद्या कापड दुकानातला लॅपटॉप ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे सांगायला नको. करड्या रंगाची ती पट्टी चिमटीने अखंड निघते, जणू कोणी मुद्दाम विणून बसवली आहे. मग हवा पुढे जात नाही, यंत्र तापते, प्रथम मंद होते आणि शेवटी स्वतःला वाचवण्यासाठी अचानक बंद पडते. वर अंथरलेले कव्हर या बाबतीत काहीही करू शकत नाही.

आपली बैठकीची पद्धत यात भर घालते. पांढरी चादर घातलेल्या गादीवर ग्राहकाला बसवून माल दाखवायचा, ही आपल्या तिजारतीची जुनी रीत आहे आणि ती चांगली आहे. पण लॅपटॉपही त्याच गादीवर ठेवला जातो. गादी मऊ, लॅपटॉप तिच्यात रुततो, खालची जाळी बंद होते, आणि जी थोडी हवा मिळते ती चादरीवरून तंतू गोळा करूनच आत शिरते. यावर उपाय फार सोपा आहे. लाकडी पाट किंवा लहान चौरंग ठेवावा आणि त्यावर लॅपटॉप. ज्या पैशांत कव्हर येते त्याच पैशांत साधा पाटही येतो, आणि फायद्याचा हिशेब केला तर पाट कितीतरी पुढे आहे.

नागपुरात आणखी एक गोष्ट आहे जी पुण्या-मुंबईच्या माणसाच्या सहसा लक्षात येणार नाही. ती म्हणजे कूलर. मार्च संपता संपता वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्या बदलल्या जातात आणि पुढचे अडीच-तीन महिने दुकानात ओली हवा वाहते. सूतगिरणीत हवेत दमटपणा मुद्दाम राखतात, म्हणजे धागा कमी तुटतो आणि उडणारे तंतू खाली बसतात. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेल्या आणि आता बंद झालेल्या आपल्या एम्प्रेस मिलमध्ये ज्यांचे वडील-आजोबा राबले, त्यांच्या घरी हे ज्ञान होतेच. दुकानात कूलर तेच करतो. तंतू आणि खळ ओलसर होऊन खाली बसते. बटणांवर बसली की तिचा चिकट लेप होतो. येथे कव्हरचा खरा उपयोग आहे हे आम्ही मान्य करतो. लेप कव्हरवर बसतो, कव्हर काढून साबणाच्या पाण्याने धुता येते, कीबोर्ड धुता येत नाही. पण धुतलेले कव्हर सावलीत पूर्ण वाळू द्यावे. घाईत ओलसर कव्हर परत घातले तर ओल खाली कोंडली जाते, आणि ती तर कव्हर नसण्यापेक्षा वाईट. कूलरचा झोत लॅपटॉपवर थेट येऊ न देणे हे अर्थात सर्वांत बरे.

उन्हाळ्याचा दुसरा प्रश्न उष्णतेचा. लॅपटॉप तयार करणाऱ्या बहुतेक कंपन्या वापरासाठी सभोवतालच्या हवेची मर्यादा ३५ अंश सेल्सिअस सांगतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो आणि पत्र्याच्या छपराखालच्या दुकानात दुपारी ३५ ही तर थंडाईच म्हणायची. अशा वेळी यंत्राची थोडी उष्णता कीबोर्डमधूनही वर निघत असते आणि काही मॉडेलांत हवा कीबोर्डच्या फटींतूनही आत घेतली जाते. त्यावर रबरी चादर अंथरणे म्हणजे ज्येष्ठात शेरवानी घालून फिरणे होय. ॲपलच्या २०२० नंतरच्या मॅकबुक एअरमध्ये तर पंखाच नाही, सारी उष्णता अंगावाटेच जाते. सबब मार्च ते जून या काळात दुपारचे लांबलचक काम कव्हर काढूनच करावे.

लॅपटॉप मिटताना होणारी चूक याहून महाग पडते. मिटल्यावर पडदा आणि बटणे यांच्यात अगदी बारीक फट उरते. नवे पातळ लॅपटॉप तर केसाच्या मापाने बसवलेले असतात. मध्ये कव्हर राहिले आणि वरून पिशवीत वह्या, टिफिन यांचा भार पडला की पडद्यावर बटणांचे ठसे उमटतात, क्वचित पडदा तडकतो. ॲपल कंपनीने आपल्या ग्राहकांना स्पष्ट सांगितले आहे की कीबोर्डवर किंवा तळहाताच्या जागेवर कव्हर असल्यास मिटण्यापूर्वी ते काढावे. कॅमेऱ्यावर लावायची चकतीसुद्धा साध्या कागदाहून, म्हणजे ०.१ मिलिमीटरहून, जाड नसावी अशी तिची सूचना आहे. पडद्याचा खर्च काही हजारांत जातो. जुजदान आपण कुरआन शरीफ ठेवताना घालतो आणि तिलावतीला बसताना काढतो. जुन्या टाइपरायटरचे रेक्झिनचे कव्हरही असेच होते, संध्याकाळी घालायचे, सकाळी काढायचे. लॅपटॉपचे हे कव्हर मात्र उलट्या रीतीचे आहे. यंत्र उघडे असताना घालायचे आणि मिटताना काढायचे. त्यामुळेच लोकांचा गोंधळ होतो. रात्री मिटलेल्या लॅपटॉपवर स्वच्छ, न सुटणाऱ्या विणीचा कपडा टाकला तरी पुष्कळ. कापडवाल्याला तुकड्याची काय वाण!

कोणी म्हणेल की धुळीने कीबोर्ड बिघडतात म्हणूनच ना कव्हर निघाले? बरोबर आहे. ॲपलने २०१५ पासून काही वर्षे फुलपाखराच्या पंखांसारखी रचना असलेली फार पातळ बटणे वापरली. त्यांत धुळीचा कण गेला तरी बटण अडकायचे किंवा एक अक्षर दोनदा उमटायचे. जून २०१८ मध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली. त्याच वर्षीच्या नव्या मॉडेलात प्रत्येक बटणाखाली सिलिकॉनचा पातळ पडदा बसवलेला आढळला, म्हणजे कव्हर आतच शिवून दिले म्हणायचे. तरी तक्रारी थांबल्या नाहीत. २०१९ च्या अखेरीपासून ती रचना सोडून कंपनी जुन्या कात्रीसारख्या रचनेकडे परतली आणि २०२२ मध्ये अमेरिकेतील ग्राहकांच्या दाव्यात ५ कोटी डॉलर देण्यास कबूल झाली. ज्यांच्याकडे त्या काळातला जुना मॅकबुक असेल त्यांनी वापरताना कव्हर जरूर घालावे. आपल्या दुकानांतील साधे लॅपटॉप या रोगापासून बरेच दूर आहेत.

चहाबद्दल थोडक्यात. कव्हर असेल तर सांडलेला चहा पुसायला अर्धा-एक मिनिट मिळते, हा फायदा खराच. पण कव्हरच्या कडेने पाणी वाहून बाजूच्या छिद्रांत शिरते आणि माऊसपट्टी तर उघडीच असते. काही कंपन्या, उदाहरणार्थ थिंकपॅडवाले, कीबोर्डखाली पाणी वाहून जाण्याचे मार्ग देतात. साध्या वॉरंटीत पाण्याचे नुकसान धरत नाहीत हेही ध्यानात असू द्यावे. दुकानात चहा येणारच, तो गल्ल्याच्या दुसऱ्या बाजूला ठेवावा. घरून ड्रेस मटेरियलचा धंदा करणाऱ्या आमच्या भगिनींची गोष्ट वेगळी. तेथे लॅपटॉप स्वयंपाकघराजवळ असतो, हाताला पीठ असते, मुले तोच लॅपटॉप शाळेसाठी घेतात. त्यांनी कव्हर घ्यावे, आणि तेही सिलिकॉनचे, धुण्याजोगे.

आमच्यासारख्या उर्दू माध्यमात शिकलेल्यांना एक मोह पडतो, तो उर्दू-अरबी अक्षरे छापलेल्या कव्हरचा. घेण्यापूर्वी आपल्या यंत्रात उर्दूची कोणती मांडणी बसवली आहे ते पाहावे. उच्चाराप्रमाणे चालणाऱ्या मांडणीत इंग्रजी ‘बी’वर ‘बे’ येते. अरबी मांडणीत तसे नाही. छापलेले एक आणि उमटते दुसरे, असे झाले तर कव्हर कपाटातच पडते. स्वतंत्र चिकटपट्ट्या बऱ्या, त्या हव्या तशा लावता येतात.

राहिला हिसाब-किताबाचा विषय. सूरह बकरहच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. आज ते लिखाण या यंत्रात आहे. कोणाकडून किती येणे, कोणाला किती देणे, सारे. मासिक विवरण भरणाऱ्यांना ११ आणि २० तारीख पाळावी लागते, आणि ३बी विवरण उशिरा भरल्यास दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, कर शून्य असल्यास २०. नमदा भरलेला लॅपटॉप बंद पडायला १९ तारखेची दुपारच निवडतो, असे आमच्या बाजारात गमतीने म्हणतात. म्हणून दर जुम्याला नमाजपूर्वी हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी आणि तो घरी ठेवावा. वर्षातून दोनदा लॅपटॉप उघडून पंखा साफ करून घ्यावा. एकदा शाबान महिन्यात, कारण रमजानच्या गर्दीत यंत्राला उसंत मिळत नाही, आणि सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येत असल्याने उन्हाळ्यापूर्वीची सफाईही त्यातच होऊन जाते. दुसऱ्यांदा कूलर उतरवून ठेवल्यावर. हे काम जाणकाराकडूनच करवावे. घरच्या ब्लोअरने जोराची हवा मारली तर पंखा उलटा फिरून त्याचे बेअरिंग जाते.