पडद्यावरची पात्रं (९) : कुमक कुणी मागवली?

आज खरं तर ‘हेलो २’ या गेममधल्या बिहेविअर ट्रीकडे, म्हणजे पात्रांचं वागणं ठरवणाऱ्या झाडासारख्या मांडणीकडे, वळायचं ठरलं होतं. पण सांगलीच्या एका वाचकांनी असा प्रश्न पाठवलाय, की तो सोडून पुढे जाववत नाही. ते विचारतात, “‘फिअर’मधले सैनिक सारखे एकमेकांना ओरडून काहीतरी सांगत असतात. ते खरंच एकमेकांचं ऐकतात का?”

नाही, ऐकत नाहीत. आणि मोनोलिथ कंपनीच्या या २००५ सालच्या गेममधली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे.

समजा, तुमची गोळी एका सैनिकाला लागली. तो नुसता कण्हला असता तरी चाललं असतं. पण इथे त्याचा सोबती विचारतो, ठीक आहेस ना? आणि तो सांगतो, लागलीय मला. एवढ्या दोन वाक्यांत ही माणसं एकमेकांची काळजी घेतात असं वाटू लागतं. प्रत्यक्षात त्या उत्तराने सोबत्याच्या वागण्यात काडीचाही फरक पडत नाही. कोणाला काय झालंय, कोण कुठे जाणार, हे प्रोग्रॅमला आधीच ठाऊक असतं. त्याला साजेसं बोलणं मागाहून दोघांत वाटून दिलं जातं.

बगलेवरून होणाऱ्या हल्ल्याचंही तेच. तुम्ही जागा बदलली की सैनिकाचा आडोसा निकामी होतो. मग तो जवळचा दुसरा आडोसा गाठतो, आणि तो नेमका तुमच्या कुशीला निघतो. ‘बगलेवरून घेरा’ असा डाव कोणी लिहिलेलाच नव्हता. गेमचा एआय घडवणाऱ्या जेफ ऑर्किन यांनी २००६च्या आपल्या निबंधात हे मोकळेपणाने सांगितलंय : तुकडीची म्हणून गुंतागुंतीची डावपेची वागणूक गेममध्ये नव्हतीच.

त्याच निबंधातलं कुमकेचं उदाहरण तर मी कित्येकांना सांगितलंय. तुकडीतले बाकी सगळे मेले की उरलेला एकटा सैनिक कुमक मागतो. कुमक पाठवण्याची कसलीही सोय गेममध्ये नाही. पण खेळाडू पुढे सरकतो, पुढच्या दालनात आधीपासून नेमलेले सैनिक भेटतात, आणि तो मनाशी म्हणतो, आली कुमक! विंगेतून नगारा वाजला की बाहेर फौज उभी आहे असं आपण नाटकात मानतोच ना, तसंच हे.

ही फसवणूक आहे, असं मला अजिबात वाटत नाही. सैनिकाने आडोसा बदलण्याचा निर्णय खराच घेतलेला असतो. बोलणं फक्त तो आपल्यापर्यंत पोचवतं. आज भाषेची मॉडेल्स पात्रांच्या तोंडी बसवण्याची खटपट चाललीय, तिथे अडचण नेमकी उलटी आहे. पात्र तासन् तास गोड बोलू शकतं, पण ‘चल, दार उघडतो’ म्हणून जागचं हललं नाही, तर सगळं बोलणं फुकट. कृतीशी बांधलेलं एक वाक्य मला अशा शंभर वाक्यांपेक्षा मोलाचं वाटतं.

ज्यांच्याकडे ‘फिअर’ आहे त्यांनी एकच लढाई आधी आवाज बंद करून खेळावी, मग आवाज चालू करून. सैनिक कधी जास्त हुशार वाटले, ते मला जरूर कळवा. ‘हेलो २’ पुढच्या आठवड्यात.