अक्षयनीवी आणि राजदान

वसतिगृह वा पाली वर्ग चालविताना शासकीय अनुदानावर विसंबावे की उपासकांच्या दानावर, असा प्रश्न आपल्या विहारांपुढे असतो. याचे उत्तर आम्हांस नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत सापडते. गौतमीपुत्र सातकर्णीने तेथील भिक्खूंना कखडी गावचे शेत दिले होते. परंतु गाव ओसाड, शेत पडीक. अखेर राजवर्ष २४ मध्ये त्याऐवजी १०० निवर्तने दुसरी जमीन द्यावी लागली. राजाज्ञा होती, पण दान संघाच्या उपयोगी पडले नव्हते.

पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळी विष्णुदत्ता या उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधासाठी तेली, जलयंत्रे करणारे आदींच्या श्रेणींकडे अक्षयनीवी ठेवली. मुद्दल अबाधित ठेवून व्याजातून औषध द्यावयाचे, आणि ठेवही एकाच ठिकाणी नव्हे.

शिष्यवृत्ती व शिक्षण ही राज्याची कर्तव्ये होत. ती हक्काने मागावीत. मात्र अनुदानाचा हप्ता लांबला की शिक्षकाचे मानधन थांबते. शिवाय संविधानाच्या अनुच्छेद २८ अन्वये संपूर्णतः शासकीय निधीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. एकाच धनिकाची देणगीही असेच परावलंबन आणते. म्हणून धम्मशिक्षणाचा निधी अनेक उपासकांच्या अल्प दानातून उभारावा आणि त्याचा हिशेब दरवर्षी संघापुढे मांडावा, असे आम्हांस वाटते.