बर्फाआडचे आरमार

रशियाला समुद्रकिनारा अफाट आहे, पण महासागरात थेट उतरता येईल अशी बंदरे मोजकीच. काळ्या समुद्रातून बाहेर पडायचे तर तुर्कस्तानच्या सामुद्रधुन्या, बाल्टिकमधून निघायचे तर डेन्मार्कच्या. कोला द्वीपकल्पावर मात्र ६९ अंश उत्तरेला, ध्रुववृत्ताच्या वर असूनही, अटलांटिकच्या उष्ण प्रवाहामुळे मुर्मान्स्कची खाडी हिवाळ्यात गोठत नाही. १९३३ साली इथे एक छोटी तुकडी उभी राहिली. तिचेच आजचे रूप म्हणजे नॉर्दर्न फ्लीट. मुख्यालय सेवेरोमोर्स्क.

या आरमाराचा जीव पाणबुड्यांत आहे. ‘बोरेई’ वर्गाची एक पाणबुडी सोळा ‘बुलावा’ क्षेपणास्त्रे घेऊन निघते. तिने शत्रूच्या दारात जायचे नसते. बॅरेंट्स समुद्रात किंवा बर्फाखाली दडून राहायचे आणि बाकी सगळे उद्ध्वस्त झाले तरी प्रतिहल्ल्यासाठी शिल्लक उरायचे, एवढेच तिचे काम. जहाजे, विमाने, फ्रान्झ जोसेफ लँडवरचा नागुर्स्कोये तळ हा सगळा त्या दडणीचा पहारा. मार्च २०२१ मध्ये तीन अणुपाणबुड्या दीड मीटर जाडीचा बर्फ फोडून एकाच वेळी वर आल्या. ते प्रदर्शन होते, आणि जगाने ते नीट पाहिलेही.

प्रदर्शनात न मांडण्यासारखेही इथे पुष्कळ आहे. १२ ऑगस्ट २००० रोजी सरावात ‘कुर्स्क’ ही पाणबुडी बुडाली. टॉर्पेडोतले हायड्रोजन पेरॉक्साइड गळले, स्फोट झाला, दोन मिनिटांत त्याहून मोठा दुसरा. ११८ जण गेले. त्यांतले तेवीस जण स्फोटांतून वाचून शेपटाकडच्या नवव्या कप्प्यात जमले होते. दिमित्री कोलेस्निकोव्ह या अधिकाऱ्याने अंधारात चाचपडत त्यांची नावे कागदावर उतरवली, म्हणून आपल्याला ते ठाऊक. परदेशी मदतीला होकार द्यायला मॉस्कोने काही दिवस घालवले. शेवटी झडप उघडली ती नॉर्वेच्या गोताखोरांनी, तेव्हा आत कोणी जिवंत नव्हते.

पुढच्या वर्षी ‘कुर्स्क’चा सांगाडा वर काढून रोस्ल्याकोव्होच्या ‘पीडी-५०’ या अवाढव्य तरंगत्या गोदीत आणला. हीच गोदी ऑक्टोबर २०१८ मध्ये एका रात्री वीज गेल्याने बुडाली. पंप थांबले, गोदी तळाला गेली आणि तिच्यावरची क्रेन ‘अॅडमिरल कुझनेत्सोव्ह’च्या डेकवर कोसळली. ही रशियाची एकुलती एक विमानवाहू नौका. काळा धूर ओकत, सोबत टग घेऊन फिरणारी. वर्षभराने दुरुस्ती चालू असताना तिला आग लागली. २०१७ मध्ये सीरियाहून परतल्यापासून ती मोहिमेवर गेलेली नाही. हे नुकसान कोणा शत्रूने केलेले नाही, हे मुद्दाम लक्षात घ्यावे.

शत्रूने केलेले नुकसान दक्षिणेत झाले. एप्रिल २०२२ मध्ये काळ्या समुद्रात युक्रेनच्या क्षेपणास्त्रांनी ‘मॉस्क्वा’ ही युद्धनौका बुडाली. तिच्याच आराखड्याची, नॉर्दर्न फ्लीटची ‘मार्शल उस्तीनोव्ह’ तेव्हा भूमध्य समुद्रात होती. पण १९३६ च्या माँत्रो करारान्वये तुर्कस्तानने काळ्या समुद्राची वाट बंद केली होती. युक्रेन युद्धापूर्वीच आत शिरलेल्या ‘ओलेनेगोर्स्की गोर्न्याक’ या उत्तरेच्या जहाजाला ऑगस्ट २०२३ मध्ये नोव्होरोसिस्कजवळ सागरी ड्रोनने गाठले. तरीही बर्फाखालच्या पाणबुड्यांना या युद्धाने फारसा धक्का लागलेला नाही. बुडालेल्या जहाजांची यादी वाचून रशियाची नौसत्ता संपली म्हणणारे हीच गोष्ट विसरतात. माझ्या मते या आरमाराचे खरे दुखणे गोद्या आणि दुरुस्तीचे आहे.

त्याचा अनुभव आपल्यालाही आहे. नॉर्दर्न फ्लीटमधली ‘अॅडमिरल गोर्शकोव्ह’ ही विमानवाहू नौका भारताने २००४ मध्ये घ्यायचे ठरवले. सेव्हेरोद्विन्स्कच्या गोदीतून ती २००८ मध्ये यायची होती. ‘विक्रमादित्य’ म्हणून हाती पडली नोव्हेंबर २०१३ मध्ये, आणि किंमत तोवर दुपटीच्या वर गेली होती.