हृदयविकार आणि घराचे पथ्य

वार्षिक अहवालात प्रशासकाने लिहावे ते आकड्यांविषयी, असा संकेत आहे. जमाखर्चाची पत्रके व निर्धन रुग्ण निधीचा विनियोग या अहवालात यथास्थित दिलेला आहेच. तथापि हृदयरोग विभागाची देयके गेली अनेक वर्षे माझ्या टेबलावरून जात असताना एक गोष्ट वारंवार लक्षात येत राहिली. ती देणगीदार, विश्वस्त आणि विशेषतः रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर मांडावी, असे विभागातील डॉक्टरांनीही सुचविले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. पुढील मजकुरातील वैद्यकीय भाग आमच्या हृदयरोगतज्ज्ञांनी व आहारतज्ज्ञ भगिनींनी तपासून दिला आहे. हिशेब मात्र माझे आहेत.

काही वर्षांपूर्वी एका निवृत्त बसवाहकाची अँजिओप्लास्टी आपल्याकडे झाली. खर्चाचा काही भाग निधीतून भागविण्यात आला. गृहस्थ बरे होऊन घरी गेले, तपासणीसही वेळेवर येत राहिले. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या पत्नी पुन्हा माझ्यासमोर येऊन बसल्या. या वेळी अतिदक्षता विभागात होता तो त्यांचा छत्तीस वर्षांचा मुलगा. कागदपत्रे पाहता पाहता मी विचारले, "ताई, मागच्या वेळी सांगितलेलं पथ्य घरी चालू होतं ना?"

"साहेब, यांचं मी सगळं वेगळं करत होते," त्या म्हणाल्या. "कमी तेलामिठाची भाजी, रोज वेगळ्या पातेल्यात. एक दिवस चुकवला नाही. बाकीच्यांना आपलं नेहमीचंच."

त्या माउलींच्या निष्ठेत काहीच उणे नव्हते. उणे राहिले ते आमच्या सांगण्यात. पथ्याचा कागद आम्ही रुग्णाच्या नावाने दिला होता, त्यामुळे घरानेही ते रुग्णाचेच मानले. मुलगा आता कामावर रुजू झाला आहे, हे येथेच सांगून टाकतो. परंतु त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही.

हृदयाच्या स्नायूला रक्तपुरवठा करणाऱ्या रोहिण्या फार मोठ्या नसतात. त्यांचा आतील व्यास काही मिलिमीटरच असतो. रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या कणांपैकी एल.डी.एल. नावाचे कण वाढले, की ते रोहिणीच्या आतील अस्तराखाली शिरून साचू लागतात. उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखू यांनी अस्तर आधीच दुखावलेले असेल, तर हे काम अधिक वेगाने होते. तेथे दाह निर्माण होऊन हळूहळू मेदाचा थर तयार होतो. वर्षानुवर्षे त्याचा काहीही त्रास जाणवत नाही. मग एखाद्या दिवशी थराचे पातळ आवरण फाटते, त्या जागी रक्ताची गुठळी जमते आणि रक्ताची वाट बंद होते. यालाच आपण हृदयविकाराचा झटका म्हणतो. झटका एका सकाळी येत असला, तरी थर मात्र वीस-तीस वर्षे जमत आलेला असतो. कोरियाच्या युद्धात मरण पावलेल्या तीनशे अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष १९५३ साली प्रसिद्ध झाले. त्यांचे सरासरी वय अवघे बावीस होते आणि त्यांतील सुमारे तीनचतुर्थांश तरुणांच्या हृदयरोहिण्यांत या विकाराच्या खुणा आढळल्या.

स्टेंट घातल्यावर "नळी साफ झाली, आता काळजी नाही" असे नातेवाईक म्हणतात, तेव्हा आमच्या डॉक्टरांना अस्वस्थ वाटते ते याच कारणाने. स्टेंट एका ठिकाणचा अडथळा दूर करतो, पण उरलेल्या रोहिण्या त्याच माणसाच्या असतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत नियामक प्राधिकरणाने औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत करांव्यतिरिक्त २९,६०० रुपये ठरविली आणि रुग्णांना मोठा दिलासा मिळाला. आमच्या निधीवरचा भारही हलका झाला. पण किंमत उतरल्याने आजार उतरत नाही.

आपल्याकडील माणसाला हा विकार लवकर गाठतो, हे तर सिद्ध झालेले आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. प्रशांत जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या झटक्याचे सरासरी वय दक्षिण आशियात ५३ वर्षे, तर इतर देशांत जवळजवळ ५९ वर्षे असल्याचे त्यात दिसून आले. ही सहा वर्षे म्हणजे कुटुंबाच्या दृष्टीने मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, घराचे हप्ते. कारणे मात्र काही निराळी नव्हती. धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह, बिघडलेले कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर हीच ती कारणे; आपल्याकडे ती कमी वयात हजर होतात एवढेच. रोज फळे-भाज्या खाणाऱ्यांचे प्रमाणही आपल्या भागात कमी आढळले.

आता तेलाचा हिशेब. कार्यालयात येणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, "साहेब, तेल कोणतं खावं?" किती खावे, हे क्वचितच कोणी विचारते. पाच माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा कॅन संपतो असे धरू. एक लिटर तेल म्हणजे सुमारे ९१० ग्रॅम, म्हणजे कॅनमध्ये ४,५५० ग्रॅम. पाच माणसे आणि तीस दिवस यांनी भागले, की माणशी रोज ३० ग्रॅम येतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०११ च्या मार्गदर्शिकेत बैठे काम करणाऱ्या पुरुषासाठी २५ आणि स्त्रीसाठी २० ग्रॅम असे प्रमाण दिले होते. त्या मापाने पाच जणांना महिन्याला पावणेचार लिटरच्या आसपास तेल पुरावे. बाहेरचा वडापाव, फरसाण, बिस्किटे यांतील मेद या हिशेबात धरलेलाच नाही. नातेवाईकांना मी हे विचारतो तेव्हा सात-आठ लिटरचे उत्तर ऐकून आता मला आश्चर्य वाटत नाही.

तेल कोणते, या प्रश्नालाही अर्थ आहेच. शेंगदाणा, करडई, तीळ, मोहरी यांच्या तेलांत असंपृक्त मेद अधिक असतो. तूप, लोणी, खोबरेल आणि पामतेल यांतील संपृक्त मेद एल.डी.एल. वाढवितो. वरणभातावर चमचाभर तूप घेणाऱ्याला मी कधी टोकत नाही. मी स्वतःही घेतो. हल्ली घाण्याच्या तेलाचे कौतुक फार ऐकू येते. त्याचा स्वाद चांगला असतो, पण घाण्याचे म्हणून ते दुप्पट खाल्ले तर उष्मांकही दुप्पटच होतात.

खरा अपाय होता तो वनस्पती तुपाचा. तेलातून हायड्रोजन वायू सोडून ते घट्ट करताना त्यात ट्रान्स मेद तयार होत असे. हा मेद एल.डी.एल. वाढवितो आणि उपकारक एच.डी.एल. कमी करतो, असे दुहेरी नुकसान. जानेवारी २०२२ पासून आपल्या देशात तेल-तुपातील ट्रान्स मेदावर दोन टक्क्यांची मर्यादा आहे. तेच तेल पुन्हा पुन्हा तापविण्यावरही खाद्यव्यावसायिकांसाठी १ जुलै २०१८ पासून निर्बंध आहेत. पण घरच्या कढईला कोणताही निरीक्षक येत नाही. दिवाळीत चकल्या तळून उरलेले काळपट तेल पुढे आठवडाभर फोडणीला वापरले जाते. ते टाकताना गृहिणीचा जीव तुटतो, हे मला माझ्या घरूनच ठाऊक आहे. त्यावर उपाय एकच : कढईत मुळात थोडे तेल घेऊन तळणे.

मिठाविषयी थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढ माणसाने दिवसाला पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे एका सपाट चहाच्या चमच्याच्या आत मीठ खावे. आपल्या ताटातले बरेचसे मीठ भाजीतले नसतेच. ते लोणचे, पापड, खारे दाणे आणि शेव यांतून येते. अळणी भाजीसोबत लोणच्याची मोठी फोड घेतली, तर पथ्याचा उपयोग राहत नाही. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते, म्हणून मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच वापरावे. उपवासाबद्दल तर बोलायलाच नको. एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण साबुदाण्याच्या खिचडीला पुरेपूर लागू पडते : पिष्ट, तूप आणि शेंगदाण्याचे कूट, आणि वर बटाट्याचा कीस. अति पिष्ट आणि साखर यांनी रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढते व पोटाचा घेरही.

एकट्या रुग्णाऐवजी साऱ्या समाजाचे ताट बदलता येते काय? फिनलंडच्या पूर्वेकडील उत्तर कारेलिया प्रांतात हा प्रयोग होऊन गेला आहे. तेथील पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू जगात सर्वाधिक गणले जात. पावावर लोण्याचा जाड थर, साईचे दूध, खारवलेले मांस आणि सिगारेट हा त्यांचा नित्यक्रम होता. १९७२ मध्ये डॉ. पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली काम सुरू झाले. ते रुग्णालयात बसून राहिले नाहीत. गृहिणींच्या मंडळांना सोबत घेऊन पारंपरिक पदार्थ कमी लोणी व अधिक भाज्या घालून शिजवून दाखविले गेले, दुग्धसंस्थांना कमी स्निग्धांशाचे दूध काढायला लावले, मांसाचे पदार्थ करणाऱ्यांना मीठ व चरबी कमी करण्यास राजी केले. सुमारे पस्तीस वर्षांत कामकरी वयाच्या पुरुषांतील हृदयविकाराचे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले. त्यात नव्या उपचारांचाही वाटा आहे, पण मोठा वाटा घराघरातल्या ताटांचा मानला जातो.

आपल्याला लोणी सोडायचे नाही, कारण ते आपण तितके खातच नाही. आपल्याला परत आणायचे आहे ते आपलेच : ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी-मुगाची उसळ, कुळथाचे पिठले, पालेभाजी, विदर्भातली जवसाची चटणी, कोकणातले बांगडे आणि तारली, मात्र तळलेले नव्हे तर कालवणातले. फोडणीला पळीऐवजी चमचा. बारा वर्षांचा नातू आणि साठीचे आजोबा एकाच पातेल्यातले जेवतील असा हा स्वयंपाक आहे. त्यात वेगळे काही शिजवावे लागत नाही आणि किराण्याचे बिलही वाढत नाही. मशेरी व तंबाखू मात्र घरातून पूर्ण जाणे आवश्यक आहे. तेथे चमच्याचे माप नाही.

आहार सुधारला म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या कोणीही आपल्या मनाने बंद करू नयेत. तसेच छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम असा त्रास झाल्यास "गॅस असेल" म्हणून घरी बसून राहू नये.

त्या माउलींच्या भेटीनंतर आम्ही एक लहानसा बदल केला आहे. हृदयरोग विभागातून घरी जाणाऱ्या रुग्णाच्या पथ्याच्या कागदावर आता रुग्णाच्या नावाबरोबर घरातील माणसांची संख्या आणि महिन्याच्या तेलाचे माप लिहिले जाते. आहारसल्ला विनामूल्य आहे. सल्ल्यासाठी येताना घरी स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीने रुग्णासोबत यावे आणि मागील महिन्याची किराण्याची यादी आणावी, ही विनंती.